टेप वाचायला कसे शिकावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेले दीड वर्ष आपण पाच मिनिटांचे चार्ट पाहून इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याचे, सौदे करता, चार्टवर सगळे जुळून आलेले असते, आणि तरीही शेअर घेतल्याबरोबर भाव उलटतो. कोणीतरी आपल्याला सांगितले की चार्ट बाजूला ठेवा आणि टेप, म्हणजे होत असलेल्या सौद्यांचे भाव आणि संख्या, वाचायला शिका. तेव्हा टेपमध्ये नेमके काय पाहायचे, घरी बसून लॅपटॉपवर ते शिकता येते का, किती दिवस लागतात आणि त्यासाठी ऑर्डर फ्लोचे, म्हणजे खरेदी-विक्रीचा ओघ दाखवणारे, महागडे सॉफ्टवेअर घ्यावे का, हे आपण विचारले आहे. मी १९९८ पासून टर्मिनलसमोर बसतो आहे, आधी फोर्टमधल्या एका दलाली पेढीत डीलर म्हणून आणि नंतर स्वतःच्या पैशाने, त्यामुळे जे मी रोज वापरतो तेवढेच इथे लिहितो.

टेप हा शब्द कागदी पट्टीवरून आला. १८६७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड कॅलहन यांनी तारेवर चालणारे टिकर यंत्र तयार केले आणि त्यातून निघणाऱ्या अरुंद पट्टीवर शेअरचे संक्षिप्त नाव, सौद्याचा भाव आणि संख्या एकापाठोपाठ छापली जाऊ लागली. पट्टी हातातून सरकवत तिचा वेग आणि आकडे यांवरून बाजाराचा कल ओळखणे हे त्या काळच्या सटोडियांचे कौशल्य होते. आपल्याकडे मुंबईत हीच माहिती कानावर यायची. नोव्हेंबर १९९४ मध्ये एनएसईवर (राष्ट्रीय शेअर बाजारावर) शेअरचे सौदे पडद्यावर होऊ लागले आणि १९९५ मध्ये बीएसईने (मुंबई शेअर बाजाराने) बोल्ट ही संगणकीय पद्धत आणली. तोपर्यंत दलाल स्ट्रीटवरचे सौदे रिंगमध्ये ओरडून आणि हाताच्या खुणांनी होत, आणि कोणाचा आवाज चढला, कोण गप्प झाला, कोणत्या दलालाचा माणूस पुन्हा पुन्हा एकाच जॉबरकडे (सतत खरेदी-विक्रीचे भाव देणाऱ्याकडे) येतो आहे यावरून अनुभवी माणूस अंदाज बांधत असे.

मी ज्या पेढीत लागलो तिथे रिंगमध्ये वीस वर्षे जॉबर म्हणून उभे राहिलेले एक गृहस्थ होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. पडद्यावरचे बारीक आकडे त्यांना नीट दिसत नसत, म्हणून ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसत आणि एका शेअरचे सौदे मला मोठ्याने वाचायला लावत. मी ‘दोनशे बारा चाळीस, दोनशे बारा पन्नास’ असे नुसते भाव वाचू लागलो की ते मला थांबवत आणि म्हणत, ‘भाव काय झाला ते राहू दे, किती मालात झाला ते सांग.’ दहा पैसे वर जायला पाचशे शेअर लागले की पन्नास हजार, आणि तेवढ्याच मालात मगाशी भाव किती हलला होता, एवढाच त्यांचा प्रश्न असे. टेपवाचनाविषयी मी नंतर जे काही शिकलो ते याच प्रश्नाचा विस्तार आहे: किती माल खपला आणि त्या बदल्यात भाव किती सरकला.

आता आपल्या पडद्याकडे या. मार्केट डेप्थच्या खिडकीत डावीकडे खरेदीचे पाच भाव आणि उजवीकडे विक्रीचे पाच भाव दिसतात, प्रत्येक भावासमोर शेअरची संख्या आणि किती ऑर्डर मिळून ती संख्या झाली हेही दिसते. काही दलाल वीस पातळ्यांची डेप्थ देतात. त्याखाली शेवटच्या सौद्याचा भाव आणि संख्या, दिवसाचा सरासरी भाव, दिवसभरातला एकूण व्हॉल्यूम (किती शेअर फिरले तो आकडा) आणि सर्वांत खाली खरेदीची व विक्रीची एकूण बाकी संख्या असते. नवखा माणूस हे आकडे खालून वर वाचतो, म्हणजे आधी एकूण बाकी पाहतो आणि ‘घेणारे बारा लाख, विकणारे सात लाख, म्हणजे तेजी’ असे ठरवतो. हा आकडा आपण डोळ्यांआड करावा अशी माझी स्पष्ट सूचना आहे. त्यात चालू भावापासून पाच-सात टक्के लांब लावून ठेवलेल्या, दिवसभरात कधीच पूर्ण न होणाऱ्या ऑर्डर मिसळलेल्या असतात. उलट स्टॉपलॉसच्या, म्हणजे तोटा थांबवण्यासाठी ठरावीक भावाला आपोआप लागणाऱ्या, ऑर्डर तो भाव येऊन ट्रिगर होईपर्यंत डेप्थमध्ये येतच नाहीत, त्यामुळे घसरणीत जो माल खरोखर अंगावर येणार असतो तो या बेरजेत नसतो.

उभी असलेली ऑर्डर आणि झालेला सौदा यांतला फरक मनात पक्का झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. उभी ऑर्डर हा इरादा आहे आणि तो एका क्षणात मागे घेता येतो. सौदा झाला की पैसे आणि माल दोन्ही बांधले गेले. २००१ च्या सुमारास मी स्वतः यात मोठा मार खाल्ला. एका शेअरमध्ये खरेदीच्या बाजूला पन्नास हजारांची ऑर्डर उभी होती आणि बाकीच्या भावांना हजार-पाचशे होते. एवढा मोठा माणूस खाली उभा आहे तर भाव त्याच्या खाली जाणार नाही, असे समजून मी त्याच्या पाच पैसे वर माझ्या कुवतीबाहेरची खरेदी केली. तीन-चार मिनिटांनी भाव त्या ऑर्डरपर्यंत आला, तिला स्पर्श होण्याआधीच ती नाहीशी झाली, आणि माझा माल घ्यायला खाली कोणीही नव्हते. त्या दिवशीचा तोटा भरून काढायला मला सात महिने लागले. मोठी ऑर्डर दाखवून लोकांना एका बाजूला ओढायचे, दुसऱ्या बाजूला आपला सौदा उरकायचा आणि दाखवलेली ऑर्डर काढून घ्यायची, या प्रकाराला स्पूफिंग म्हणतात. तो बेकायदेशीर आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये सेबीने (शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने) अशाच एका प्रकरणात अंतरिम आदेश काढला होता, पण कारवाई होते ती मागाहून, पडद्यासमोर बसलेल्याला त्या क्षणी ती वाचवत नाही. म्हणून मोठी ऑर्डर दिसली की तिच्यावर विसंबू नका, तिच्यापर्यंत भाव पोहोचल्यावर तिथे खरोखर सौदे होतात का ते पाहा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती न कळल्यामुळे अनेकजण परदेशी शिकवणीतले ठोकताळे जसेच्या तसे इथे लावतात. आपल्यासारख्या किरकोळ ग्राहकाला दलालाकडून जो फीड (पडद्यावर सतत येणारी माहिती) मिळतो, त्यात प्रत्येक सौदा येत नाही. थोड्या थोड्या वेळाने घेतलेली चित्रे येतात. दोन चित्रांच्या मधे तीस सौदे होऊन गेले तरी आपल्याला शेवटच्या सौद्याची संख्या तेवढी दिसते. प्रत्येक ऑर्डरचा आणि सौद्याचा संपूर्ण फीड एक्सचेंज देते, पण तो घेऊन वापरणारे लोक कोलोकेशनमध्ये, म्हणजे एक्सचेंजच्याच आवारात, आपले सर्व्हर ठेवणारे असतात. याचे दोन परिणाम आहेत. पहिला असा की सेकंदाच्या शर्यतीत आपण उतरूच नये, आपले वाचन मिनिटांच्या मापाने असावे. दुसरा असा की शेवटच्या सौद्याची संख्या मोजत बसण्यापेक्षा एकूण व्हॉल्यूमचा आकडा टिपावा, कारण त्यात मधले सगळे सौदे आलेले असतात. सुरुवातीचा आकडा आणि शेवटचा आकडा यांची वजाबाकी केली की त्या मिनिटांत किती माल फिरला हे अचूक मिळते. काकांच्या प्रश्नाचे उत्तर आजच्या पडद्यावर याच वजाबाकीत आहे.

एक प्रसंग जवळून पाहू. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण असे चित्र आठवड्यातून दोन-तीनदा तरी दिसते. एक शेअर सकाळपासून ४०६ वरून चढत ४११.९० पर्यंत आला आहे आणि कालचा उच्चांक ४१२ आहे. चार्ट पाहणारा ४१२ च्या वर खरेदीची तयारी करून बसला आहे. डेप्थमध्ये ४१२.०० ला विक्रीचे २,५०० शेअर दिसतात, ऑर्डर तीन. हा आकडा मामुली आहे, वरच्या ४१२.०५ आणि ४१२.१० लाही साधारण तेवढेच आहेत. ११ वाजून ४ मिनिटांनी एकूण व्हॉल्यूम १८,४०,००० आहे. खरेदी जोरात येते, ४१२ ला सौद्यामागून सौदे होतात, २,५०० चे ८०० होतात आणि पुन्हा २,४०० होतात, पुन्हा ६०० होतात आणि पुन्हा २,५००. ११ वाजून १० मिनिटांनी एकूण व्हॉल्यूम १९,३०,००० झाला आहे आणि भाव अजून ४१२ च्या पुढे गेलेला नाही.

सहा मिनिटांत ९०,००० शेअर फिरले. मगाशी ४१० वरून ४११.५० पर्यंत, म्हणजे दीड रुपया चढायला याच शेअरला ४०,००० लागले होते, हे आपल्या वहीत लिहिलेले असले पाहिजे. आता दुपटीहून अधिक मालात पाच पैसेही मिळाले नाहीत. याचा अर्थ ४१२ ला कोणीतरी येईल तेवढा माल शांतपणे देतो आहे. डिस्क्लोज्ड क्वांटिटीच्या (ऑर्डरचा थोडाच भाग डेप्थमध्ये दाखवण्याच्या) सोयीने मोठी ऑर्डर दडवता येते, पण एक्सचेंजच्या नियमाप्रमाणे ऑर्डरचा किमान दहा टक्के भाग दाखवावाच लागतो, म्हणजे २,५०० दिसत असतील तर एका ऑर्डरमागे २५,००० पेक्षा जास्त माल असू शकत नाही. इथे तर त्याहून कितीतरी अधिक खपला. तेव्हा हा विक्रेता एक ऑर्डर लावून बसलेला नाही, तो आपल्या प्रणालीतून तुकडे करून सतत भरती करतो आहे आणि त्याच्याकडे अजून किती माल आहे हे आपल्याला कळण्याचा काही मार्ग नाही. चार्टवर मात्र या सहा मिनिटांत एक-दोन छोट्या, निरुपद्रवी मेणबत्त्या (कँडल, म्हणजे तेवढ्या वेळातली भावाची हालचाल दाखवणाऱ्या पट्ट्या) दिसतात. आपण घेतल्याबरोबर भाव उलटतो असे आपण लिहिले आहे. माझा अंदाज आहे की आपली पुष्कळशी खरेदी अशाच एखाद्या विक्रेत्याकडून झालेली असणार.

यातून पुढे दोन वाटा निघतात आणि कोणती वाट धरली जाईल याचा आधी अंदाज करायचा नसतो, थांबून पाहायचे असते. विक्रेत्याचा माल संपला तर भरती थांबते: ४१२ वरचे २,५०० खपतात आणि पुन्हा भरत नाहीत, ४१२.०५ आणि ४१२.१० चे शेअर एका झटक्यात उचलले जातात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जिथे इतका वेळ विक्री उभी होती त्याच ४१२ ला आता खरेदी येऊन उभी राहते. भाव ४१२.६० ला जाऊन परत ४१२.१० पर्यंत येतो, तिथे विक्री येते आणि ती मुकाट्याने पचते. मी खरेदी करतो ती इथे, ४१२.१० किंवा ४१२.२० ला, आणि ४१२ ची खरेदी मोडून भाव ४११.६० ला आला की कापून मोकळा होतो. दुसरी वाट अशी की घेणारे थकतात. सौद्यांची संख्या लहान होत जाते, मिनिटाला पंधरा हजार फिरत होते ते चार हजारांवर येते, ४११.९० चा घेणारा ४११.७५ वर सरकतो, मग ४११.५५ वर, आणि विक्रेता जो आतापर्यंत ४१२ ला बसून होता तो खाली येऊन ४११.६० ला माल देऊ लागतो. विकणारा भावाची वाट पाहणे सोडून घेणाऱ्याच्या भावाला यायला लागला, की वर अडकलेल्या सगळ्यांचे स्टॉपलॉस एकामागून एक लागतात आणि दोन रुपये पाच मिनिटांत जातात. खरेदीच्या बाजूलाही हेच उलट घडते. सतत विक्री येते आहे, व्हॉल्यूम वाढतो आहे आणि भाव एका पातळीच्या खाली जात नाही, याला आमच्याकडे ‘माल खपतोय’ म्हणतात.

या वाचनाला निफ्टीची, म्हणजे एनएसईच्या पन्नास मोठ्या शेअरच्या निर्देशांकाची, जोड दिली नाही तर निम्मा अर्थ हातातून निसटतो. शेजारच्या खिडकीत निफ्टीचे फ्युचर (निर्देशांकाच्या पुढच्या तारखेच्या सौद्याचा करार) उघडे ठेवावे. निफ्टी दहा मिनिटांत साठ अंक घसरला, त्या गटातले बाकीचे शेअर त्याच्यामागे खाली आले आणि आपल्या शेअरचा घेणारा जागचा हलला नाही, तर ही माहिती कोणत्याही इंडिकेटरपेक्षा मोलाची आहे. बाजार सावरला की असा शेअर बहुधा सर्वांत आधी उठतो. उलट निफ्टी चढत असताना ज्याला धाप लागते तो बाजार फिरताच आधी पडतो. माझ्या चांगल्या सौद्यांतले बरेचसे या एका तुलनेवर उभे आहेत.

दिवसाच्या वेळेनुसार त्याच आकड्यांचा अर्थ बदलतो. ९.१५ ते ९.३० या वेळात रात्रभर साठलेल्या ऑर्डर आणि घाईने कापलेल्या पोझिशन (उघडे सौदे) यांची गर्दी असते, तिथे शिकणाऱ्याने फक्त पाहावे. साडेअकरा ते दीड या मंद वेळात थोड्या मालातही भाव उगाच दोन रुपये सरकतो आणि त्यावरून काही निष्कर्ष काढता येत नाही. सव्वातीनच्या आसपास बहुतेक दलाल इंट्राडे पोझिशन आपोआप बंद करतात, त्यामुळे तेव्हा जो माल येतो तो कोणाच्या मताचा नसतो, सक्तीचा असतो. निफ्टीच्या ऑप्शनची (ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्काच्या करारांची) साप्ताहिक मुदत सप्टेंबर २०२५ पासून मंगळवारी संपते. त्या दिवशी मोठ्या शेअरची टेप ऑप्शनच्या हिशेबांनी ओढली जाते, म्हणून पहिले काही महिने ते मंगळवारही वहीपुरतेच ठेवावेत.

रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाचा दिवस मात्र मुद्दाम पाहण्यासारखा आहे. गव्हर्नरांचे निवेदन सकाळी १० वाजता सुरू होते. एखाद्या मोठ्या बँकेच्या शेअरची डेप्थ ९.५० ला पाहा आणि पुन्हा ९.५८ ला पाहा. पाचही भावांवर जे हजारांचे आकडे होते ते शेकड्यांवर आलेले असतात, घेणारा आणि विकणारा यांच्यातले अंतर पाच पैशांवरून तीस-चाळीस पैसे झालेले असते. नवखा माणूस विक्रीची बाजू रिकामी पाहून ‘विकणारे संपले’ असे वाचतो. खरे तर दोन्ही बाजूंनी रोज भाव देणाऱ्यांनी आपले हात आवरलेले असतात, कारण पुढच्या दोन मिनिटांत काय होईल हे त्यांनाही माहीत नसते. अशा पोकळीत आलेली पहिली उडी पुष्कळदा पूर्ण पुसली जाते. डेप्थ पुन्हा भरेपर्यंत, साधारण दहा मिनिटे, मी एकही ऑर्डर टाकत नाही.

पोकळीत काय होते याचे सर्वांत तीव्र उदाहरण ५ ऑक्टोबर २०१२ चे आहे. त्या सकाळी एका दलालाकडून चुकीच्या ऑर्डर गेल्या आणि निफ्टी क्षणार्धात पंधरा टक्क्यांच्या वर कोसळून एनएसईवरचे व्यवहार काही काळ थांबले. कंपन्यांबद्दल कोणतीही वाईट बातमी नव्हती. खाली उभी असलेली खरेदी संपली आणि पुढची खरेदी फार लांब होती, एवढेच झाले. त्या दिवसापासून मी कोणत्याही शेअरमध्ये मार्केट ऑर्डर (भाव न घालता, मिळेल त्या भावाची ऑर्डर) टाकणे बंद केले, सौदा कापतानासुद्धा भाव घालूनच ऑर्डर टाकतो, फक्त तो भाव दोन-तीन पातळ्या पुढचा घालतो.

कोणत्या शेअरवर शिकावे हे आपण विचारलेले नाही, पण पहिल्या चुका इथेच होतात. निफ्टीतल्या सर्वांत वजनदार चार-पाच शेअरमध्ये यंत्रांची वर्दळ इतकी असते की डेप्थचे आकडे डोळा ठरण्याआधी बदलतात. दुसऱ्या टोकाला पाच टक्क्यांच्या सर्किटमधले, म्हणजे दिवसात भाव पाच टक्क्यांपलीकडे जाऊ न देणाऱ्या मर्यादेतले, छोटे शेअर आहेत. तिथे दोघे-तिघे मिळून आपसात माल फिरवू शकतात, त्यामुळे व्हॉल्यूमच खोटा असण्याची शक्यता असते आणि सर्किट लागले की बाहेर पडता येत नाही. फ्युचर असलेला, तीनशे ते आठशे रुपयांचा, घेणारा-विकणारा यांच्यात एरवी पाच-दहा पैशांचेच अंतर असणारा एखादा मध्यम चालीचा शेअर घ्या. २५० ते १,००० रुपयांच्या शेअरचा भाव सध्या पाच पैशांच्या टप्प्याने हलतो आणि ते पायऱ्या मोजायला सोयीचे आहे. २५० च्या खाली टप्पा एका पैशाचा झाल्यापासून तिथली डेप्थ फार विखुरलेली दिसते. एकच शेअर घ्या आणि तो तीन महिने बदलू नका. प्रत्येक शेअरचा स्वभाव वेगळा असतो, कुठे वीस हजार म्हणजे खूप आणि कुठे वीस हजार म्हणजे काहीच नाही, आणि हे माप सवयीनेच बसते.

अभ्यासासाठी एक साधी वही पुरते. रोज एक तास, शक्यतो दहा ते अकरा, दर पाच मिनिटांनी तीन आकडे लिहा: भाव, एकूण व्हॉल्यूम आणि निफ्टी. वजाबाकी शेजारच्या रकान्यात. जिथे माल खूप आणि हालचाल थोडी, किंवा माल थोडा आणि हालचाल मोठी असे दिसेल त्या ओळीला खूण करा आणि त्याच क्षणी, पुढचे काही घडण्याआधी, आपल्याला काय वाटते ते एका वाक्यात लिहा: ‘४१२ ला कोणी देतो आहे, खाली येईल असे वाटते.’ पंधरा मिनिटांनी त्याखाली काय झाले ते लिहा. आधी लिहिण्याला मी इतके महत्त्व देतो कारण घडून गेल्यावर प्रत्येकाला वाटते की आपल्याला ते दिसले होते, आणि त्या वाटण्यातून काही शिकता येत नाही. शक्य असेल तर पडदा रेकॉर्ड करा, रात्री तोच तास पुन्हा लावा आणि आकडे मोठ्याने वाचा. काकांची ही पद्धत मी आजपर्यंत सोडलेली नाही. मोठ्याने वाचताना लय कळते. खरेदी थकू लागली की वाचणाऱ्याचा आवाजसुद्धा संथ होतो, कारण वाचायला नवे आकडेच येत नाहीत.

किती दिवस लागतील, याचे प्रामाणिक उत्तर असे की पहिल्या सहा आठवड्यांत काहीच अर्थ लागत नाही, तीन-चार महिन्यांत आपण निवडलेल्या शेअरमध्ये खोट्या उड्या ओळखता येऊ लागतात, आणि पैसे लावण्याइतका भरवसा यायला नोकरी सांभाळून वर्ष लागते. त्या वर्षात रोजचे इंट्राडे सौदे थांबवावेत असा माझा आग्रह आहे. सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये शेअरच्या रोख बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जणांना तोटा झाला, आणि वर्षाला पाचशेहून अधिक सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण ऐंशी टक्क्यांवर गेले. जास्त सौदे करणाऱ्यांना जास्त सराव होतो, तरी त्यांचे प्रमाण वाईट आहे, कारण खर्च.

तो खर्च एकदा कागदावर मांडून पाहा. ४०० रुपयांचे २५० शेअर घेतले आणि त्याच दिवशी विकले, म्हणजे एक लाखाची खरेदी आणि एक लाखाची विक्री. प्रत्येक बाजूला २० रुपये धरले तर दलाली ४० रुपये, विक्रीवर ०.०२५ टक्के दराने एसटीटी (शेअरच्या सौद्यांवरचा कर) २५ रुपये, एक्सचेंजचे शुल्क साधारण ६ रुपये, खरेदीवर मुद्रांक शुल्क ३ रुपये, आणि दलाली व शुल्कावर १८ टक्के जीएसटी सुमारे ८ रुपये. एकूण ८२ रुपये, म्हणजे प्रत्येक शेअरमागे ३३ पैसे. पाच पैशांच्या टप्प्याने मोजले तर भाव सात पायऱ्या आपल्या बाजूने चढेपर्यंत आपण तोट्यातच असतो. टेप पाहून वीस-तीस पैसे काढायचे हा बेत रिंगमधल्या जॉबरला परवडत होता, आपल्याला परवडत नाही. म्हणून टेपचा उपयोग सौदे वाढवण्यासाठी करू नका. चार्टवर दिसलेल्या दहा जागांपैकी ज्या सात जागी समोर मोठा विक्रेता बसला आहे त्या सोडून देण्यासाठी तो करा, आणि उरलेल्या ठिकाणी निदान दोन-तीन रुपयांची चाल अपेक्षित असेल तरच हात घाला.

आपण अधूनमधून दोन-चार दिवसांसाठीही शेअर ठेवता असे लिहिले आहे. त्यासाठी रात्री प्रसिद्ध होणारी डिलिव्हरीची (त्याच दिवशी न विकता खात्यात घेतलेल्या शेअरची) आकडेवारी आणि बल्क डीलची (मोठ्या सौद्यांची) यादी पाहावी. दिवसभर एका भावाला माल खपताना दिसला आणि रात्री डिलिव्हरीचे प्रमाणही त्या शेअरच्या नेहमीच्या सरासरीपेक्षा बरेच वर आले, तर घेणारा घरी न्यायला आला होता हे पक्के होते. व्हॉल्यूम मोठा आणि डिलिव्हरी नेहमीपेक्षा कमी असेल तर ती दिवसाचीच झटापट होती असे समजावे.

सॉफ्टवेअरबद्दल: पहिल्या वर्षी घेऊ नका. घेणाऱ्याच्या भावाला किती सौदे झाले आणि विकणाऱ्याच्या भावाला किती, याची रंगीत विभागणी ही साधने दाखवतात, पण ती ज्या फीडवर चालतात तो चित्रांचा असेल तर मधल्या सौद्यांची वाटणी अंदाजाने केलेली असते, आणि तो अंदाज कुठे चुकतो हे ओळखण्याइतकी नजर आधी तयार व्हावी लागते. आपल्या दलालाची नेहमीची डेप्थची खिडकी, निफ्टीचे फ्युचर, घड्याळ आणि वही एवढ्यावर काम भागते. वर्षाच्या शेवटी आपल्या वहीत आधी लिहिलेल्या वाक्यांपैकी किती खरी ठरली ते मोजा. शंभरातली पंचावन्न-साठ खरी ठरली असतील आणि चुकलेल्या ठिकाणी भाव कुठे कापायचा हेही लिहिलेले असेल, तर त्याच शेअरचे दहा नग घेऊन सुरुवात करा, आणि दहा नगांवरचा खर्च प्रत्येक शेअरमागे कितीतरी जास्त पडेल हे धरूनच चला. त्या महिन्यात पैशाचा हिशेब पाहायचा नाही, स्वतःचे पैसे लागल्यावर वहीतली वाक्ये बदलतात का, एवढेच पाहायचे.